डोळ्यांना थांबायला लावणारी पानं

ग्राफिक नॉव्हेल पहिल्यांदा हातात घेणारा मराठी वाचक बहुधा मुरलेला वाचक असतो, आणि तिथेच गोची होते. जाडजूड कादंबऱ्या वाचून त्याच्या डोळ्यांना मजकूर हुडकायची सवय लागलेली असते. पान उघडलं की नजर एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उडी मारते, संवाद टिपते, चित्राकडे ओझरतं बघते आणि पुढे जाते. तीनशे पानांचं पुस्तक संध्याकाळच्या चहाला सुरू होऊन रात्रीच्या जेवणाआधी संपतं. मग पुस्तक परत करताना तो सभ्यपणे म्हणतो, ‘चांगलं आहे, पण यात वाचण्यासारखं फार नाही.’ चित्रं आहेत म्हणजे पोरांचं काहीतरी असेल, हा त्याचा पूर्वग्रह तोवर गळून पडलेला असतो. त्याला नडतो तो वेग.

आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ घ्या. लेखकाचे वडील व्लादेक हे पोलंडमधले ज्यू. नाझींच्या तावडीतून आणि ऑशविट्झमधून ते कसे वाचले, हे म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये ते मुलाला सांगत आहेत. ज्यू माणसं उंदरांच्या तोंडांनी काढलेली, जर्मन मांजरांच्या, पोलिश डुकरांच्या. एका पानावर व्लादेक आणि त्याची बायको आन्या लपायची जागा सोडून बाहेर पडली आहेत. जायचं कुठे, हे दोघांनाही माहीत नाही. चित्रात ती पाठमोरी, अगदी लहान दिसतात. समोर रस्त्याला फाटे फुटले आहेत आणि त्या फाट्यांचा आकार नाझींच्या स्वस्तिकाचा आहे. कुठलाही रस्ता धरला तरी त्याच आकारात राहायचं. मजकुरात याबद्दल चकार शब्द नाही. पुढे ती पोलिश असल्याचं सोंग घेऊन शहरात वावरतात, तेव्हा चेहऱ्यांवर डुकराचे मुखवटे येतात, दोरीनं मागे बांधलेले. आन्याच्या कोटाखालून मात्र उंदराची शेपटी लोंबत असते. तिचा चेहरा चटकन ओळखू यायचा, एवढंच व्लादेक सांगतो. ती पकडली जाईल ही धास्ती ती शेपटी वागवते. नुसते फुगे वाचत गेलेल्या माणसानं हे पुस्तक वाचलंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सिनेमात एखादं दृश्य किती वेळ दिसणार हे दिग्दर्शक ठरवतो. गद्यात वाक्याची लांबी आपल्याला ओढून नेते. चित्रांच्या पानावर वेळेचा मालक वाचक असतो आणि नवख्या वाचकाला ही मालकी सांभाळता येत नाही. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, तिथे काय घडलं हे त्यानं स्वतः ठरवायचं असतं. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे या कलेचं शास्त्र चक्क कॉमिकच्याच रूपात मांडलं. त्यातलं एक उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक वर्गात दिलं जातं. एका चौकटीत माणसानं दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारली आहे. पुढच्या चौकटीत फक्त रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. घाव चित्रकारानं काढलेलाच नाही, तो वाचकाच्या डोक्यात बसला. मॅक्लाउड तिथे वाचकालाही त्या खुनात सामील करून घेतात.

फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या तिएरी ग्रोनस्टीन यांनी १९९९ मध्ये याच्या पुढचा मुद्दा मांडला. शेजारच्या दोनच चौकटींचं नातं पाहून भागत नाही, पन्नास पानं लांब असलेल्या चौकटीही एकमेकींशी बोलत असतात. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’मधला पाचवा भाग याचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. त्याच्या पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानावर आरशातल्यासारखी उलटते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यावर, आणि असं होत होत मधोमध दोन पानं समोरासमोर येतात. पहिल्या वाचनात हे कुणाच्याही लक्षात येत नाही. कथा मात्र कुठूनतरी आवळत चालली आहे असं वाटत राहतं.

पान उलटण्याचा क्षण हेही असंच एक हत्यार. काय दाखवायचं ते डावीकडच्या पानाच्या माथ्यावर दडवून ठेवलं, तर पान उलटेपर्यंत ते दिसत नाही. मराठी वाचकाला याची ओळख आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच करामत केली: कागदाला पाडलेल्या खिडकीतून एक चावट शक्यता दिसायची आणि पान उलटलं की सगळा मामला साळसूद निघायचा. शि. द. फडणीसांची शब्दाविना बोलणारी व्यंगचित्रं समजायला आपल्याला कधी अडचण आली नाही. वसंत सरवट्यांनी तर रेषेकडे कसं पाहावं यावर मराठीत जाणतेपणानं लिहून ठेवलं. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागलेल्या ‘चिंटू’नं घराघरांत चौकटींची सवय लावली. तेव्हा ज्याला चित्र वाचता येत नाही असा मराठी माणूस विरळा. एका चित्रावर किंवा तीन-चार चौकटींवर थांबणारी ही नजर अडीचशे पानं टिकवायची, एवढीच सवय करायची राहिली आहे.

या कलेचा उगम शोधायला गेलं की प्रत्येक देश आपापला पूर्वज पुढे करतो. छापील परंपरेपुरतं बोलायचं, तर जिनिव्हातल्या रोदॉल्फ तॉपफर या शाळामास्तरापासून सुरुवात करणं रास्त आहे. त्यानं विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रमालिका काढल्या, खाली ओळी लिहिल्या. हस्तलिखितं म्हाताऱ्या गटेच्या हाती पडली, त्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि १८३०च्या दशकात ती छापली गेली. शतकाच्या अखेरीला अमेरिकी वर्तमानपत्रांनी खप वाढवण्यासाठी कॉमिक-पट्ट्या आणल्या. तो इतिहास रंजक आहे, पण आपल्या कामाचा वेगळाच एक फाटा आहे. बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासेरील यानं १९१९ मध्ये १६७ लाकूडठशांतून, एकही शब्द न वापरता एका माणसाचं शहरातलं आयुष्य सांगितलं. पुढे या पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीला थॉमस मान यांनी प्रस्तावना लिहिली. अमेरिकेत लिंड वॉर्डनं १९२९ मध्ये हाच धागा उचलला. प्रौढांसाठीची चित्रकथा म्हणजे अलीकडचं फॅड, असं म्हणणाऱ्यांना हे दोघे दाखवावेत.

मग हा धागा तुटला कसा? एक कारण १९५४ मध्ये सापडतं. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. तिच्या कचाट्यातून जे सुटलं ते बहुतांश बाळबोध होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला रॉबर्ट क्रम्ब आणि मंडळींनी ही संहिता धुडकावून भूमिगत कॉमिक्स काढली. ती अनेकदा अश्लील, कधी किळसवाणी, स्त्रियांच्या बाबतीत तर सरळसरळ वाईट होती. पण चित्रकारानं स्वतःची लाज, धर्म, घर यांवर काढावं ही मुभा तिथूनच आली.

विल आयस्नर १९७८ मध्ये एकसष्ट वर्षांचे होते. तरुणपणी त्यांनी ‘द स्पिरिट’ ही गुप्तहेराची मालिका गाजवली होती. आता त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका गरीब चाळवजा इमारतीवरच्या चार कथा ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ या नावानं पुस्तकरूपात आणल्या आणि मुखपृष्ठावर ‘ग्राफिक नॉव्हेल’ असं छापलं. हे नाव १९६४ मध्येच रिचर्ड काइल या समीक्षकानं वापरलं होतं, आणि चार कथांच्या पुस्तकाला कादंबरी म्हणणं तसं ओढूनताणूनच. पण पुस्तकांच्या दुकानात जागा मिळवायची तर पाटी लागते. पहिल्या कथेतल्या फ्रिमे हर्शनं देवाशी करार केलेला असतो; सांभाळलेली मुलगी मरते आणि तो देवाला जाब विचारतो. आयस्नरांची स्वतःची मुलगी अ‍ॅलिस सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेली होती. हे त्यांनी कित्येक वर्षं जाहीरपणे सांगितलं नाही. त्या कथेतला पाऊस चौकटींना जुमानत नाही, अक्षरांवरूनही ओघळतो.

पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. १९८६ मध्ये ‘माउस’चा पहिला खंड आला, ‘वॉचमेन’ही त्याच वर्षी सुरू झालं. १९९१ मध्ये ‘माउस’चा दुसरा खंड आला आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं. यानंतर इंग्रजीत आत्मचरित्राची लाट आली, तिच्यात अ‍ॅलिसन बेकडेल यांचं ‘फन होम’ (२००६) सर्वांत सुघड. जो साको यांनी पॅलेस्टाइनमध्ये फिरून चित्रांतून वार्तांकन केलं. २०१८ मध्ये निक ड्रनासो यांचं ‘सब्रीना’ बुकरच्या लांब यादीत आलं, तेव्हा हा प्रकार साहित्यात मोडतो का, हा वाद निदान इंग्रजीपुरता शिळा झाला.

फ्रान्स-बेल्जियममध्ये तो कधी एवढा पेटलाच नाही. तिथे १९२९ मध्ये टिनटिन जन्मला, एर्जेच्या स्वच्छ, सारख्या जाडीच्या रेषेनं एक घराणंच तयार केलं, आणि १९७४ पासून आंगुलेम गावात चित्रकथांचा मोठा महोत्सव भरू लागला. १९९० मध्ये पॅरिसमधल्या काही चित्रकारांनी मोठ्या प्रकाशकांना कंटाळून ‘लासोसिआसिओं’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. मार्जान सत्रपी यांचं ‘पर्सेपोलिस’ २००० ते २००३ मध्ये चार खंडांत तिथूनच आलं. इराणातली क्रांती, युद्ध आणि हिजाबाची सक्ती दहा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून सांगणाऱ्या या पुस्तकात करडा रंग औषधालाही नाही. सगळं कुळकुळीत काळं किंवा कोरं पांढरं.

जपानची तऱ्हा निराळी. तिथे मांगा साप्ताहिकांतून लहानथोर सगळेच वाचत आले आणि पानांच्या संख्येची काटकसर कुणी केली नाही. म्हणून एखादी चहाची किटली, खिडकीतलं ऊन, रिकामी गल्ली अशा काहीच न घडणाऱ्या चौकटी ते सढळ हातानं खर्च करतात. ओसामू तेझुका यांनी बुद्धाचं चरित्र हजारो पानांत रंगवलं. योशिहिरो तात्सुमी यांना १९५७ मध्येच मांगाची खेळकर ओळख नको झाली आणि त्यांनी कामगार वस्तीतल्या, कुढणाऱ्या माणसांच्या कथांसाठी ‘गेकिगा’ हे वेगळं नाव घेतलं. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमात होते. बॉम्बमधून ते वाचले आणि १९७३ पासून ‘बेअरफूट गेन’ मुलांच्या साप्ताहिकात छापून आलं. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशातल्यासारखी उलटवत, त्यामुळे सगळे सामुराई डावखुरे होत. आता मूळ दिशाच ठेवतात आणि नवा वाचक दहा पानांत सरावतो.

आपल्याकडचा इतिहास सांगताना एका मोहापासून सावध राहावं लागतं. अजिंठ्याच्या भिंती आहेत, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगण्याची ती परंपरा थोर आहे. पण म्हणून ग्राफिक नॉव्हेल मूळची आपलीच, असं म्हणण्यात अर्थ नाही. चित्रकथीत पुढचं चित्र कधी येणार हे गाणारा ठरवतो. पुस्तकात ते तुमच्या अंगठ्यावर असतं. नात्यापेक्षा हा फरकच मला जास्त शिकवून जातो. छापील चौकटी आपल्याकडे रुजल्या त्या १९६४ पासून ‘इंद्रजाल’च्या वेताळानं आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’नं. दोन्ही मुंबईतून निघाल्या, मराठीतही आल्या. अमर चित्र कथेतले देव गोरे आणि राक्षस काळे का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे आणि तो विचारायलाच हवा.

प्रौढांसाठीचं पहिलं ठळक पाऊल म्हणजे ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, १९९४ सालचं. विषय नर्मदेवरच्या धरणाचा. एकीकडे शहरातून आलेला पत्रकार, दुसरीकडे नदीच्या जन्माची कथा गाणारा आदिवासी गायक. दोघांसाठी रेषाही वेगळी. अक्कलकुवा-धडगावची गावं पाण्याखाली जाताना पाहिलेल्या महाराष्ट्राला हे पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. २००४ मध्ये सारनाथ बॅनर्जींचं ‘कॉरिडॉर’, २००८ मध्ये गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांचं ‘कारी’, २०१० मध्ये विश्वज्योती घोष यांचं आणीबाणीवरचं ‘दिल्ली काम’, २०१५ मध्ये मलिक सजाद यांचं काश्मीरवरचं ‘मुन्नू’. यांतलं ‘कारी’ माझ्या विशेष आवडीचं. धुरकट महानगर, जाहिरात कंपनीतली नोकरी, गटाराच्या पाण्यानं वाचवलेली एक मुलगी आणि मध्येच उसळणारे रंग.

पण मराठी वाचकानं जिथे मुक्काम ठोकावा असं पुस्तक ‘भीमायन’ आहे (२०११). दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अपमानाच्या आणि संघर्षाच्या कथा काढल्या. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, असं व्याम दांपत्यानं आधीच सांगून टाकलं. त्यामुळे पानावर सरळ चौकटी नाहीत. भिंती-अंगणांवर काढल्या जाणाऱ्या डिगण्याच्या नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला एक डोळा काढलेला असतो. साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेला दहा वर्षांचा भीम, मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच बदलणारं वारं, रात्रभर न मिळालेलं पाणी हे सगळं आपल्याला पाठ आहे. ते इथे नव्यानं बोचतं. डोळा खाली कुठे जाईल याची खात्री नसते, वाट चुकते, आणि शब्द शोधण्याआधी नांगी दिसते. त्याच वर्षी जोतिबांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ आलं. आंबेडकर आणि फुले यांच्यावरची ही दोन्ही पुस्तकं मुळात इंग्रजीत निघाली, हे वाचून मराठी प्रकाशकांनी जरा अस्वस्थ व्हावं.

त्यांची अडचणही खरी आहे. स्पीगलमन यांना ‘माउस’ला तेरा वर्षं लागली. गद्य लेखक नोकरी सांभाळून कादंबरी लिहू शकतो. तीनशे पानं काढायची तर तेवढी वर्षं चित्रकाराला कुणीतरी पोसावं लागतं. शिवाय अक्षरांचा प्रश्न आहे. इंग्रजी फुग्यात सगळी अक्षरं एका उंचीची कॅपिटल बसतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार लागतात, म्हणजे दोन ओळींत अंतर जास्त, फुगा मोठा, चित्राला जागा कमी. भाषांतरित कॉमिक्समध्ये कोंबलेल्या ओळी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मूळ मराठीत आखलेलं पान ही जागा सुरुवातीपासूनच सोडेल.

हे सगळं आजच कशासाठी? दिवसभर फोनवर चित्रं अंगावर येत असताना चित्रांच्या पुस्तकाची वेगळी गरज काय, असं विचारता येईल. माझं उत्तर असं, की फोनवरची चित्रं आपण सरकवतो, त्यांना वाचत नाही; आणि आता तर छायाचित्र खरं की यंत्रानं बनवलेलं, हेही कळेनासं झालं आहे. हातानं काढलेली रेषा निदान लपवाछपवी करत नाही. हे कुणीतरी, एका बाजूनं पाहून काढलंय हे ती आधीच कबूल करते. साको तर स्वतःलाच गोंधळलेल्या चेहऱ्यानं प्रसंगात उभं करतात. जिथे कॅमेरा पोचला नाही किंवा पोचू दिला गेला नाही, त्या जागांच्या साक्षी या प्रकारात इतक्या का आहेत, याचं एक कारण हे असावं. अशा साक्षींची काहींना भीतीही वाटते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅकमिन परगण्याच्या शालेय मंडळानं शिव्या आणि नग्नतेचं कारण देऊन ‘माउस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमतानं काढून टाकलं. नग्न काय होतं, तर एका स्त्रीचं एक छोटंसं चित्र.

प्रस्तुत पुस्तक या साऱ्या पसाऱ्याचा कोश व्हायला निघालेलं नाही. लेखिकेनं थोडीच पुस्तकं निवडली आहेत आणि प्रत्येकातल्या काही पानांपाशी ती ठिय्या देऊन बसते. कथानक सांगून मोकळं होण्याची आपल्या परीक्षणांची खोड तिनं कटाक्षानं टाळली आहे. पान आधी दुरून सबंध पाहा, मग मजकूर वाचा, मग पुन्हा चित्राकडे या, ही तिची पद्धत पहिल्या प्रकरणातच कळते. सुरुवातीला ती कंटाळवाणी वाटेल. चिकाटी ठेवावी.

माझं तिच्याशी एक भांडण आहे. सुपरहीरोंना तिनं जवळजवळ वगळलं आहे, आणि ‘वॉचमेन’ ज्यांची खिल्ली उडवतं त्यांची ओळखच नसेल तर वाचकाला ती खिल्ली कळणार कशी, हे मी तिला हस्तलिखित वाचतानाच विचारलं होतं. ती बधली नाही. दुसरा मतभेद किरकोळ आहे: नवख्या वाचकाला ती ‘माउस’पासून सुरुवात करायला सांगते, मी ‘पर्सेपोलिस’ सुचवेन. त्याची पानं मोकळी आहेत, रेषा सोपी आहे, आणि विनोद असल्यामुळे घाई करणाऱ्यालाही थांबावंसं वाटतं. ‘भीमायन’ दोन्हींनंतर, शक्यतो टेबलावर सपाट उघडून. आणि गावच्या वाचनालयात यांतलं काही कादंबऱ्यांच्या कपाटात सापडलं नाही, तर बालविभागात जाऊन पाहावं. ग्रंथपाल अजून बऱ्याचदा ती तिथेच लावतात.